पेशीपटलावरची प्रथिने: ओळख आधी, रचना मागाहून

पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुपदरी थर, हे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींवरून दाखवले. त्यात प्रथिने कशी बसतात, हा वाद मात्र पुढे जवळजवळ पन्नास वर्षे चालला. डॅनिएली आणि डाव्हसन यांच्या १९३५ च्या प्रारूपात ती थराला दोन्ही बाजूंनी लिंपलेली होती. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळवली. दोघींची प्रथिने वेगवेगळ्या रंगांनी चमकत होती. चाळीसेक मिनिटांत रंग सरमिसळ झाले. इतका साधा आणि इतका बोलका प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी प्रवाही पटलात रुतलेल्या प्रथिनांचे चित्र मांडले, ते आजही पायाभूत आहे.

खरी अडचण या रुतलेल्या भागाचीच. तो तेलकट असतो. पटलातून काढून पाण्यात टाकला की प्रथिनांच्या गुठळ्या होतात. डिटर्जंटच्या आधाराने ती सांभाळावी लागतात, आणि क्ष-किरणांनी रचना पाहायला लागणारे त्यांचे स्फटिक मिळणे तर फारच कठीण. पाण्यात विरघळणाऱ्या मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाची रचना १९५८ मध्येच दिसली होती. पटलप्रथिनाची अणूंपर्यंत उलगडलेली पहिली रचना यायला १९८५ उजाडले, तीही प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूतली. मिशेल, डायझेनहोफर आणि ह्यूबर यांना त्यासाठी १९८८ चे नोबेल मिळाले.

रुग्णांचे भाग्य असे, की रोगनिदान या रचनांसाठी खोळंबले नाही. प्रथिनाचे पेशीबाहेर डोकावणारे टोक ओळखले तरी पुष्कळ काम होते. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकच खूण ओळखणारी प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची रीत दिली. त्यातूनच एचआयव्हीबाधितांच्या सीडी४ पेशींची, म्हणजे सीडी४ हे प्रथिन पटलावर बाळगणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची, मोजणी शक्य झाली. स्तनाच्या कर्करोगात हर-टू या पटलप्रथिनाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर आजार अधिक आक्रमक असतो, हे १९८७ मध्ये स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्याच प्रथिनाला पकडणारे ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड-औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. तपासणीची खूण तीच, औषधाचे लक्ष्यही तेच. या इतिहासातला हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची गोष्टही अशीच. त्यात बिघडलेल्या क्लोराइड वाहिनीचे, म्हणजे पटलातून क्लोराइड जाऊ देणाऱ्या प्रथिनाचे, जनुक १९८९ मध्ये सापडले. असंख्य संयुगे चाळून निघालेले आयव्हाकॅफ्टर हे औषध २०१२ मध्ये रुग्णांच्या हाती आले. ते वाहिनीत नेमके कुठे बसते, हे अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने (नमुना गोठवून इलेक्ट्रॉनांनी पाहण्याच्या तंत्राने) दिसले ते २०१९ मध्ये.