आरसीई म्हणजे इमारत नव्हे, निधीही नव्हे

'पुण्यात संयुक्त राष्ट्रांचं शाश्वत विकास शिक्षणाचं केंद्र आहे, तिथून निधी मिळतो' हा समज चुकीचा आहे. 'रीजनल सेंटर ऑफ एक्सपर्टीज' (आरसीई, म्हणजे प्रादेशिक तज्ज्ञता केंद्र) या नावानेच घोळ होतो. प्रत्यक्षात ते शाळा, विद्यापीठं, पालिका, संग्रहालयं, स्वयंसेवी संस्था यांचं स्थानिक जाळं असतं. संयुक्त राष्ट्र विद्यापीठ त्याला मान्यता देतं, पैसे नाही. २००५ मध्ये ७ जाळ्यांपासून सुरुवात झाली. कारभार, सहकार्य, संशोधन-विकास आणि परिवर्तनशील शिक्षण हे त्याचे चार आधार. घोडं अडतं ते बहुधा कारभारापाशी: एकच समन्वयक सगळा गाडा ओढतो, तो गेला की जाळं विरतं. म्हणून कामाची आणि खर्चाची वाटणी मान्यतेच्या अर्जाआधीच लेखी करा, आणि समन्वयाला किमान दोन संस्थांची माणसं नेमा.