शाळेच्या वेळेला दुखणारे पोट

शाळेच्या दिवशी सकाळी दुखणारे आणि रविवारी अजिबात न दुखणारे पोट म्हणजे सोंग आहे, असा निष्कर्ष आपल्याकडे फार लवकर काढला जातो. 'आई, पोट दुखून राहिलं' असे म्हणत पलंगावर आखडून बसलेल्या मुलीला आधी बालरोगतज्ज्ञांकडे नेले जाते, मग सोनोग्राफी होते, कधी जंताचे औषध दिले जाते, आजी दृष्ट काढतात, आणि सर्व तपासण्या निर्दोष आल्यावर घरात कोणीतरी म्हणते, 'हिला काही झालेलं नाही, नाटकं आहेत.' मी स्वतः अशा एका मुलीची आई आहे, म्हणून हे वाक्य किती घरांत आणि किती सहज उच्चारले जाते, ते मला ठाऊक आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते चूक आहे. पोट खरोखरच दुखत असते. फक्त त्या दुखण्याचे कारण पोटात नसते.

अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, क्ष-किरणांचा शोध नुकताच लागलेला असताना, मांजरांच्या पचनाचा अभ्यास करत होते. मांजर अस्वस्थ झाले की जठराची हालचाल थांबते आणि शांत झाले की ती पुन्हा सुरू होते, हे त्यांना पडद्यावर दिसले. भीतीच्या वेळी शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, ही आज सर्वत्र माहीत असलेली कल्पना त्यांच्याच पुढील संशोधनातून आली. मेंदूत खोलवर असलेला, बदामाच्या आकाराचा अमिग्डला हा भाग धोक्याची चाहूल लागताच हायपोथॅलॅमसला संकेत देतो, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आधी ॲड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळते, जठर मंदावते आणि मोठे आतडे मात्र घाई करू लागते. वर्गात उभे राहून उत्तर द्यावे लागेल या विचाराने नऊ वर्षांच्या मुलीच्या शरीरात नेमके हेच घडते. मळमळ, पोटात मुरडा, थंडगार पडलेले हात, पुन्हा पुन्हा शौचाला जावेसे वाटणे ही सर्व त्याच घटनाक्रमाची लक्षणे आहेत.

अशा क्षणी मुलीला समजावून सांगण्याचा फारसा उपयोग का होत नाही, हेही यातूनच कळते. भीतीला आवर घालणारा, कपाळामागे असलेला मेंदूचा पुढचा भाग पूर्ण विकसित व्हायला वयाची विशी उलटून जावी लागते, आणि तीव्र ताणाच्या वेळी मोठ्या माणसातही त्याचे काम ढिले पडते. शाळेची व्हॅन दाराशी हॉर्न वाजवत असताना 'बाई रागावतात म्हणून कोणी मरत नाही' असे कितीही बिनतोड सांगितले तरी ते ऐकून घेणारी यंत्रणा त्या वेळी कामावर नसते. बोलायचे असेल तर ते संध्याकाळी, जेवणानंतर, मूल निवांत असताना बोलावे.

भीती वाटणे हा आजार नव्हे, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. आठ-दहा महिन्यांचे बाळ आई नजरेआड होताच रडते, चार वर्षांचे मूल अंधाराला घाबरते, दहा-बारा वर्षांच्या मुलाला मित्र काय म्हणतील याची धास्ती असते, आणि हे सारे वाढीच्या वाटेवरचे टप्पे आहेत. भीती वयाला साजेशी राहिली नाही, ती आठवडेच्या आठवडे टिकली, आणि शाळा, झोप, जेवण, मैत्री यांपैकी काही तिच्यामुळे अडू लागले, म्हणजे तिला चिंताविकार म्हणतात. आईवडिलांपासून दूर राहण्याच्या भीतीबाबत मुलांसाठी ही मर्यादा साधारण चार आठवड्यांची मानली जाते, तर समाजात वावरण्याच्या भीतीबाबत सहा महिन्यांची. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटात मानसिक आजारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले, आणि त्यांत चिंताविकारांचा वाटा मोठा होता. त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, त्यामुळे आपल्या नागपुरातील चित्र फार वेगळे असेल असे समजण्याचे कारण दिसत नाही.

निदान झाले की घरातला दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि तो बहुधा आईकडे बोट दाखवून विचारलेला असतो: हे कशामुळे झाले? जेरोम कॅगन या मानसशास्त्रज्ञाने चार महिन्यांच्या बाळांना नवीन आवाज, नवीन खेळणी आणि नवे वास देऊन पाहिले, तेव्हा साधारण पाचातले एक बाळ हातपाय झाडून रडू लागले. अशी बाळे पुढे बुजरी आणि सावध निघण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असल्याचे दिसले, तरी त्यांतील बहुतेकांना चिंताविकार झाला नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून चिंताविकारांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असल्याचे दिसते. म्हणजे चार महिन्यांच्या वयात, कोणतेही 'लाड' होण्यापूर्वीच, काही मुलांची मज्जासंस्था अधिक हळवी असते.

उरलेला भाग परिस्थितीचा आणि अनुभवाचा, हे खरे, आणि मूल आईच्या चेहऱ्यावरून जग वाचते हेही खरे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवले होते, आणि काचेखाली मध्येच एक लहानसा खड्डा असल्याचा भास निर्माण केला होता. पलीकडे उभी असलेली आई हसत होती तेव्हा १९ पैकी १४ बाळे खड्डा ओलांडून तिच्याकडे गेली. तिने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. हा प्रयोग फार सुंदर आहे, पण त्याचा आधार घेऊन आयांना दोषी ठरवले जाते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. प्रयोगशाळेत बोलावली गेली ती आई. वडील, आजी, काका यांना बोलावलेच नव्हते, म्हणून त्यांच्या चेहऱ्यांचा परिणाम होत नाही असे ठरत नाही. शिवाय बाळ आईच्या चेहऱ्यावरची भीती वाचते, तसेच ते तिच्या चेहऱ्यावरचा विश्वासही वाचते, हे याच प्रयोगाचे दुसरे अंग आहे, आणि उपचाराचा पाया नेमका तेथे आहे.

चिंता असलेल्या मुलाच्या घरात काही महिन्यांत एक वेगळीच दिनचर्या तयार होते. आई शाळेतल्या बाईंना फोन करून 'तिला फळ्याजवळ बोलावू नका' अशी विनंती करते. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू 'काय गं, कितवीत गेलीस?' असे विचारतात तेव्हा उत्तर आई देते. गल्लीत कुत्री बसलेली असतात म्हणून शिकवणीला लांबच्या रस्त्याने जायचे ठरते. रात्री आई मुलीजवळ झोपते आणि तिला झोप लागेपर्यंत 'उद्या काही होणार नाही ना?' या प्रश्नाला 'नाही गं, काही नाही होणार' हे उत्तर पुन्हा पुन्हा देत राहते. लग्नाचे आमंत्रण आले की वडील एकटेच जाऊन येतात. यातली प्रत्येक गोष्ट प्रेमापोटी केलेली असते, आणि त्या त्या वेळी ती उपयोगीही पडते, कारण मूल लगेच शांत होते. अभ्यासक याला कौटुंबिक समायोजन म्हणतात. चिंताग्रस्त मुलांच्या जवळजवळ सर्वच घरांत ते आढळते.

अडचण त्या 'लगेच शांत होण्यात' आहे. टाळल्यामुळे भीती ओसरली की मेंदू ती सुटका लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी टाळण्याची ओढ अधिक तीव्र होते, ही मांडणी मानसशास्त्रज्ञ ओ. होबार्ट मावरर यांनी १९४७ मध्ये केली, आणि चिंतेच्या उपचारांवरील बराचसा विचार आजही तिच्यावर उभा आहे. काकूंना उत्तर दिले असते तर काहीही वाईट घडले नसते, हे शिकण्याची संधीच मुलीला मिळत नाही. त्याच वेळी आईही काहीतरी शिकत असते: मुलीचे रडणे थांबले की आईच्याही छातीतली धडधड थांबते, म्हणून पुढच्या वेळी ती अधिक लवकर मदतीला धावते. अशा रीतीने दोघींनाही एकाच सुटकेची सवय लागते. हे चक्र कोणाच्या दुबळेपणामुळे सुरू होत नाही. मुलाचे दुःख पाहून धावून जाणे हा पालकत्वाचा स्वभावच आहे.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी या चक्रात आईवडिलांच्या बाजूने शिरण्याचा मार्ग काढला. त्यांच्या स्पेस या उपचारपद्धतीत उपचारकाला भेटतात ते पालक. मुलाने काही करावे अशी मागणीच नसते. बदलायचे ते पालकांनी स्वतःचे वागणे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७ ते १४ वर्षांची १२४ मुले होती. काही मुलांना स्वतः बोधनात्मक वर्तनोपचार, म्हणजे भीतीबद्दलचे विचार आणि वागणे बदलायला शिकवणारा उपचार, मिळाला, तर उरलेल्यांच्या फक्त पालकांनी उपचार घेतले, आणि दोन्ही गटांतील मुलांची सुधारणा सारखीच ठरली. उपचारकासमोर तोंडच न उघडणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी हा निष्कर्ष किती मोलाचा आहे, ते अशा घरात राहिल्याशिवाय पुरते कळणार नाही.

या पद्धतीचा गाभा एका वाक्यात बसतो, आणि त्या वाक्याचे दोन्ही भाग आवश्यक आहेत: 'तुला खूप भीती वाटते आहे हे मला कळतं, आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे.' केवळ पहिला भाग उच्चारला तर मुलाला वाटते की परिस्थिती खरोखरच भयंकर आहे. केवळ दुसरा उच्चारला तर त्याला वाटते की आपले कोणी ऐकतच नाही. त्यानंतर पालकांनी समायोजनाची एकच गोष्ट निवडायची, उदाहरणार्थ रात्रीच्या प्रश्नांना वारंवार दिले जाणारे उत्तर, आणि ती कशी कमी करणार आहोत हे मुलाला आधीच, शांत वेळी, शक्यतो लिहून सांगायचे. सुरुवातीला रडणे आणि विनवण्या वाढतात, आणि बहुतेक कुटुंबे याच टप्प्यावर माघार घेतात. एकत्र कुटुंबात तर आई ठाम राहिली तरी आजी म्हणतात, 'राहू दे ना एक दिवस घरी, लेकरू पांढरं पडलं.' आजींचे चुकत नाही, त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. म्हणून योजना ठरवताना त्यांना सोबत बसवून घ्यावे, आणि नातीला 'तू आज किती घाबरलीस आणि तरी गेलीस, मला आईनं सांगितलं' असे म्हणण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. ते वाक्य आजींच्या तोंडून आले की त्याचे वजन वेगळेच असते.

भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याची कल्पना शंभर वर्षे जुनी आहे. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दररोज थोडा थोडा जवळ आणला गेला, आणि शेवटी पीटर त्याला हाताने कुरवाळू लागला. नागपुरात याच तत्त्वाचा वापर करण्यासाठी तान्ह्या पोळ्याइतका, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाइतका, चांगला दिवस मला दुसरा सुचत नाही. लाकडी बैल सजवून घरोघरी जायचे, दारात उभे राहायचे, आणि काका-काकूंकडून बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, घ्यायचा; बोलायला बुजणाऱ्या मुलासाठी यात सगळ्या पायऱ्या तयारच आहेत. पहिल्या घरी आईसोबत नुसते उभे राहावे, दुसऱ्या घरी बैल स्वतः पुढे करावा, तिसऱ्या घरी आईने जिन्यात थांबावे, आणि जमल्यास शेवटच्या घरी 'काकू, बोजारा' एवढे दोन शब्द मुलाने स्वतः म्हणावेत. मात्र त्याच दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे वाईटाचे प्रतीक असलेल्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीच्या गर्दीत, ढोलताशांच्या कल्लोळात, 'आज हिची भीती मोडूनच टाकू' म्हणून मुलीला ओढत नेऊ नये. मूल त्या गर्दीतून रडत परत फिरले, तर मिरवणूक खरेच भयंकर असते, एवढेच त्याच्या मनात पक्के होते.

काही मुलांना एवढे पुरत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांपैकी, बोधनात्मक वर्तनोपचार आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्या सुमारे ८१ टक्के मुलांमध्ये बारा आठवड्यांत स्पष्ट सुधारणा दिसली. केवळ वर्तनोपचाराने ती सुमारे ६० टक्के, केवळ औषधाने ५५ टक्के आणि निष्क्रिय गोळीने २४ टक्के मुलांमध्ये दिसली. म्हणून मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुचवले तर तो आईच्या प्रयत्नांचा पराभव समजू नये. नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आणि मिहानमधील एम्समध्ये मनोविकार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो, आणि तेथे मुलाला घेऊन जाण्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. घराबाहेर पडणेच कठीण असेल तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या दूरध्वनीवरील सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो, आणि त्यावर मराठीतही बोलता येते. पहिल्या भेटीला जाताना पोट कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी दुखते, मूल काय टाळते, आणि घरातले कोण त्याच्यासाठी काय करते, एवढी नोंद सोबत असली तर तज्ज्ञांचे काम पुष्कळ सोपे होते.

बऱ्या झालेल्या मुलाच्या आईलाही एक गोष्ट माहीत असावी. भीती ओसरते तेव्हा मेंदूतली जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या जोडीला 'येथे धोका नाही' अशी नवी आठवण तयार होते, आणि काही काळ सराव थांबला की जुनी पुन्हा डोके वर काढू शकते, हे रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांपासून माहीत आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि तोपर्यंत दीड-दोन महिने मुलाने शाळेचे फाटकही पाहिलेले नसते. त्यामुळे वर्षभर छान गेलेल्या मुलीचे पोट जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा दुखू लागले, तर सारे मुसळ केरात गेले असे समजू नये. सुट्टी संपण्याच्या दहा-बारा दिवस आधी सकाळची उठण्याची वेळ शाळेची करावी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर शाळेच्या रस्त्याने एक फेरी मारून यावी, वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला घरी खेळायला बोलवावे, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी व्हॅनमध्ये बसवताना निरोप प्रेमाने पण थोडक्यात घ्यावा.