क्यूआर काढून टाकण्याआधी

‘कार्डाने किंवा यूपीआयने पैसे घेतले, की सगळी रक्कम उत्पन्न धरून आयकराची नोटीस येते’ हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या बाजारात कधीपासूनचा फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे, पण विक्री म्हणजे नफा नव्हे. भरीत-पुरीच्या गाडीवर दोनशे रुपये स्कॅन झाले, तर त्यातच वांगी, तेल, गॅस आणि पोऱ्याची मजुरी आली.

समजा वर्षाची विक्री १२ लाख. लहान व्यापाऱ्यांसाठीच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत डिजिटल विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरतात, रोखीवर ८. म्हणजे सगळी विक्री डिजिटल असेल तर ७२ हजार, रोख असेल तर ९६ हजार. प्रत्यक्षात जास्त कमावलं असेल तर तेवढं दाखवायचं. आणि गल्ल्यातली रोकडही विक्रीतच मोजायची असते, हे त्या मेसेजमध्ये नसतं.

नोटीस बऱ्याचदा नुसती विचारणा असते: कार्ड मशीन-क्यूआरवरची जमा आणि विवरणपत्रातली विक्री जुळत का नाही? मशीनचं स्टेटमेंट बिलबुकाशी ताडून बघा. त्याच खात्यात भाच्याने पाठवलेले उसने पैसे वेगळे काढा. आयकराच्या पोर्टलवर तुमचं एआयएस, म्हणजे खात्याकडे असलेली तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची माहिती, दिसतं. नोटिशीवरचा डीआयएन, म्हणजे त्या नोटिशीचा ओळख क्रमांकही तिथेच, लॉगिन न करता, तपासता येतो. खरी निघाली तर मुदतीत उत्तर द्या.