कॅलिफोर्नियात घर घेतलंत? घरपट्टी काउंटीकडे भरायची असते

पुण्या-ठाण्यात घरपट्टीचं बिल महापालिका पाठवते. त्यामुळे कॅलिफोर्नियात पहिलं घर घेतल्यावर आपली मंडळी आधी शहराच्या वेबसाइटवर शोधाशोध करतात. इथे शहराकडे काही भरायचं नसतं. घराचं मूल्य काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी) असेसर ठरवतो, पैसे काउंटीचा टॅक्स कलेक्टर घेतो आणि त्यातून शहर, शाळा वगैरेंचा वाटा दिला जातो.

1978 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 13 या नियमानुसार मूळ दर 1 टक्का, वर मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचा भार. मूल्य खरेदीच्या किमतीवर ठरतं आणि पुढे वर्षाला फार तर 2 टक्के वाढतं.

नवे मालक गडबडतात ते पुरवणी बिलावर. समजा, आधीच्या मालकाच्या नावे मूल्य 2 लाख डॉलर होतं आणि तुम्ही डिसेंबरमध्ये घर 6 लाखांना घेतलंत. मधल्या 4 लाखांवरचा उरलेल्या अर्ध्या करवर्षाचा कर, म्हणजे साधारण 2,000 डॉलर, वेगळ्या बिलाने येतो. हप्त्यातून घरपट्टी कापणारी बँकही हे बिल सहसा भरत नाही, ते थेट तुमच्या पत्त्यावर येतं. आम्ही बँकेच्या भरवशावर राहिलो आणि 10 टक्के दंड भरला. बिल मिळालंच नाही, ही सबब चालत नाही, म्हणून टपाल नीट बघा.

सवलतीचा अर्ज मात्र चुकवू नका. 1 जानेवारीला घर तुमच्या मालकीचं असेल आणि तेच तुमचं राहतं घर असेल, तर करपात्र मूल्यातून 7,000 डॉलर वजा होतात. वर्षाला सत्तरेक डॉलर वाचतात. अर्ज फुकट आणि एकदाच करायचा. भाड्याने दिलेल्या घराला ही सवलत नाही. असेसरच्या फॉर्मवर पार्सल नंबर (मालमत्तेचा नोंदणी क्रमांक), सोशल सिक्युरिटी नंबर आणि खरेदीखतावर आहे तसंच नाव लिहा. मुदत 15 फेब्रुवारी. त्यानंतर 10 डिसेंबरपर्यंत दिलात तर त्या वर्षी 80 टक्केच सवलत मिळते.

नेहमीच्या बिलाचा पहिला हप्ता 10 डिसेंबरपर्यंत, दुसरा 10 एप्रिलपर्यंत.

बाजारभाव पडून घराची किंमत नोंदलेल्या मूल्याच्या खाली गेली असेल, तर आधी असेसरला फेरतपासणी करायला सांगा. आसपासच्या घरांचे विक्रीचे आकडे सोबत द्या. तिथे जमलं नाही तर अपील 2 जुलैपासून करता येतं. शेवटची तारीख काउंटीप्रमाणे 15 सप्टेंबर किंवा 30 नोव्हेंबर. पुरवणी बिलाच्या मूल्याविरुद्ध मात्र 60 दिवसांतच अपील करावं लागतं. निकाल लागेपर्यंत बिल भरत राहा, जिंकलात तर जादा भरलेले पैसे परत मिळतात.