मोटारगाडीतील दृक्‌श्राव्य यंत्रणेचे दोषनिदान

मुख्य सेट, ॲम्प्लिफायर, स्पीकर, अँटेना, पडदा, रिव्हर्स कॅमेरा आणि या सगळ्यांना जोडणारे वायरिंग यांत बिघाड नेमका कुठे आहे, हे मोजमापाने हुडकण्याची पद्धत. ‘टेप (म्हणजे सेट) बंद पडला’ म्हणून कोल्हापुरातल्या दुकानात गाडी येते, तेव्हा दोष सेटच्या आत असेलच असे नाही; बॅटरीपासून सेटमागच्या कपलरपर्यंतच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगपर्यंतच्या) वाटेवर तो पुष्कळदा सापडतो. म्हणून दुसरा सेट लावून पाहणे हे निदान नव्हे. वायर कुजलेली असेल, तर नवा सेटही चार दिवसांत तेच रडगाणे सुरू करतो.

वीजपुरवठा : तपासणीची सुरुवात इथूनच करायची. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या वीजनिर्मिती यंत्रामुळे, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. बाजारात सुट्ट्या मिळणाऱ्या सेटच्या वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात : पिवळी कायम करंटची, लाल चावी फिरवल्यावर करंट येणारी, काळी अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडायची), निळी-पांढरी ॲम्प्लिफायर जागा करणारी. गाडी बंद केली की सेट स्टेशने आणि घड्याळ विसरत असेल, तर पिवळीला कायमचा करंट मिळत नाही. उलट लालसुद्धा पिवळीलाच जोडून ठेवली असेल, तर सेट झोपतच नाही आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो. कंपनीच्या मूळ हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, मात्र रंगांवर विश्वास ठेवू नये, मीटरवरच (व्होल्ट आणि रोध मोजणाऱ्या मल्टीमीटरवर) ठेवावा.

मीटरही फसवतो. वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी मल्टीमीटर इमानदारीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळपास करंट खातच नाही. अशा ठिकाणी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडून पाहावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि कमकुवत जोड लगेच उघडा पडतो. अर्थची तपासणीही भार असतानाच करायची : गाणे मोठ्याने वाजत असताना सेटची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थ सैल आहे किंवा पत्र्याचा रंग न खरवडता त्यावरच स्क्रू मारलेला आहे. फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज घालणे हा उद्योग सर्रास चालतो. १० अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

आवाज : एकच स्पीकर मुका असेल, तर आधी सेटमधला बॅलन्स (डावा-उजवा आवाज) आणि फेडर (पुढचा-मागचा आवाज) पाहावा, लहान मुलांनी बटणे फिरवल्याने आलेल्या तक्रारी कमी नसतात. त्यानंतर कपलर सोडवून स्पीकरचा रोध मोजावा. ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो. काहीच दाखवले नाही तर कॉइल तुटलेली किंवा दाराच्या रबरी नळीत वायर तुटलेली, कारण दार उघडझाप होताना ती तिथेच वाकते. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला की चांगला स्पीकर ‘टप्प’ आवाज करतो. धन टोक धनाला असेल तर कोन बाहेर येतो, आणि एखादा स्पीकर उलटा जोडला गेला आहे का हेही त्यावरून कळते. उलट्या जोडणीत आवाज येतो, पण बेस हरवतो.

आजच्या सेटमध्ये स्पीकरची दोन्ही टोके जिवंत असतात. दोन्हींवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सहा-सात व्होल्टचा दाब असतो. त्यामुळे स्पीकरची ऋण वायर बॉडीला टेकली की सेट स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. खोक्यावर ‘४ × ५० वॅट’ छापलेले असते, पण १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे आदर्श गणितानेसुद्धा जेमतेम २६ वॅट मिळतात. पूर्ण व्हॉल्यूमला आवाज फाटतो ही तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला स्पीकर विकण्याआधी हे सांगायला हवे.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटरचा गोंगाट. सेटकडून सिग्नल आणणाऱ्या आरसीए केबली ॲम्प्लिफायरमधून काढल्यावर ती थांबली, तर दोष सेट किंवा केबलच्या बाजूला. चालूच राहिली, तर ॲम्प्लिफायरच्या पुरवठ्यात किंवा अर्थमध्ये. सेटचा अर्थ एकीकडे आणि ॲम्प्लिफायरचा दुसरीकडे असला, की त्यांच्यातला सूक्ष्म व्होल्ट-फरक केबलच्या जाळीतून वाहतो आणि ऐकू येतो. फिल्टर लावण्याआधी अर्थ नीट करावा.

उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांवरचे साउंड हा या जिल्ह्याचा स्वतंत्र विषय आहे. ८० टक्के कार्यक्षमतेचा ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीने १३.८ व्होल्टवर सुमारे ४५ अँपिअर ओढतो. लहान अल्टरनेटरची सगळी कमाई तिथेच संपते. बेसच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंद होत असेल, तर ॲम्प्लिफायर खराब नाही, उत्पन्न कमी आणि खर्च जास्त आहे.

रेडिओ : एफएम लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात चालतात. कोल्हापूर शहरात १०२.७ वरची आकाशवाणी आणि ९४.३ वरचा टोमॅटो एफएम स्वच्छ लागत असेल आणि गगनबावड्यापुढे करूळ घाटात उतरताना खरखर सुरू होत असेल, तर तो डोंगराचा आडोसा आहे, बिघाड नव्हे. शहरातच खरखर असेल, तर अँटेनाचा बूस्टर (क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) पाहावा. अनेक गाड्यांत त्याला सेटकडून १२ व्होल्ट लागतात आणि सेट बदलताना ती वायर तशीच लोंबकळत राहते. स्वस्त डॅशकॅम किंवा मोबाइल चार्जरही एफएमवर गोंगाट सोडतात. चार्जर काढून पाहणे ही फुकटची चाचणी.

पडदा आणि कॅमेरा : रिव्हर्स गिअर टाकल्यावर पडदा काळा किंवा निळा झाला, तर गिअरचा इशारा सेटपर्यंत पोहोचला आहे, चित्र पोहोचलेले नाही. पडदा बदललाच नाही, तर रिव्हर्स लाइटवरून घेतलेली इशाऱ्याची वायर पाहावी. चित्र सरकत किंवा फाटत असेल, तर कॅमेरा एका प्रणालीचा आणि सेट दुसऱ्या प्रणालीवर ठेवलेला असतो. पाल, एनटीएससी आणि एएचडी या चित्रप्रणालींच्या सेटिंग बदलून पाहाव्यात. कधी येणारे, कधी जाणारे चित्र म्हणजे बहुधा डिकीच्या बिजागरीपाशी मोडलेली केबल : डिकी हळूहळू वरखाली करत पडद्याकडे पाहावे. गाडी चालू असताना व्हिडिओ दिसत नाही, ही तक्रार नोंदवूनच घेऊ नये. हँडब्रेकशी जोडलेली ती सुरक्षेची सोय आहे. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या कारना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत, त्यामुळे सेट बदलल्यावर ‘बीप’ गेला तर तोही तपासणीत धरावा. काही गाड्यांत तो आवाज सेटच्याच स्पीकरमधून येतो.

झोपलेली गाडी : सगळे बंद करून अर्धा-पाऊण तास थांबल्यावर बॅटरीतून ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ नये. जागा राहिलेला अँड्रॉइड सेट अर्धा अँपिअर पीत राहिला, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते. एकेक फ्यूज काढून करंट कधी पडतो ते पाहतात. स्टिअरिंगवरची बटणे चालत नाहीत म्हणून चाकाला हात घालताना मात्र आधी बॅटरी काढून काही मिनिटे थांबावे. तिथले पिवळे कपलर एअरबॅगचे असते, आणि त्याला टेस्टर लॅम्प कधीही लावत नाहीत.

पुरात बुडालेली गाडी : कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी तिच्या बरीच वर गेली, तेव्हा शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर अशा भागांत पाणी शिरले. अशा गाडीत सर्वांत आधी बिघडतो तो सीटखालचा ॲम्प्लिफायर. चावी फिरवून ‘टेप चालतो का’ पाहण्याचा मोह आवरावा आणि पहिल्यांदा बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढावे. बॅटरी जोडलेली असताना ओलाव्यातून करंट वाहतो आणि कायम करंट असलेली पिन तांब्यासकट झिजते. म्हणून कपलर उघडल्यावर सर्वांत हिरवी दिसते ती बहुतेकदा पिवळ्या वायरीची पिन. गाळ स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवल्यावर सेट वाचू शकतो, पण कुजलेली पिन घासून चालत नाही, बदलावीच लागते. पुरानंतर विक्रीला आलेली जुनी गाडी पाहताना सेट ओढून काढून मागच्या पट्ट्यांवर गाळाची बारीक रेघ आहे का हे पाहतात. गालिचे धुतले जातात, डॅशबोर्डच्या पोटातली ती रेघ कोणी पुसत नाही.