घाट उतरताना ब्रेकवर काय गुदरतं?

नवी गाडी घेतली की नाशिककर तिला घेऊन आधी देवाला जातात. कुणी त्र्यंबकेश्वरला, कुणी वणीच्या गडावर. मग लवकरच कधीतरी मुंबईचं काम निघतं आणि कसारा घाट समोर येतो. शोरूममध्ये चावी हातात देताना फोन स्क्रीनला कसा जोडायचा, हे अगदी आपुलकीने समजावतात. घाटात गाडीच्या आत काय घडतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. तेच आधी सांगायला हवं, कारण गाडीची बहुतेक दुखणी उष्णतेशी येऊन थांबतात.

एक लिटर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटी ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश चाकं फिरवायच्या कामी येते. बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जाते. चाकांपर्यंत पोहोचलेली ऊर्जाही अखेर उष्णताच होते, काही हवा कापताना, काही टायरमध्ये आणि उरलेली ब्रेकमध्ये.

आता घाटाचा हिशेब मांडू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. त्यातले जवळपास 300 मीटर आपण इगतपुरी ते कसारा एवढ्या थोडक्या अंतरात उतरतो. माणसं आणि सामान धरून गाडी 1400 किलोची असेल, तर या उतारावर तिची सुमारे 41 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. 80 च्या वेगातली हीच गाडी एकदा पूर्ण थांबवली, तर साडेतीन लाखांच्या आतबाहेर ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. म्हणजे घाट उतरणं हे 80 वरून बारा वेळा गाडी थांबवण्यासारखं झालं, तेही ब्रेकला थंड व्हायला उसंत न देता. एवढ्या उष्णतेत 13 लिटर पाण्याची बादली 25 अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर यातला बहुतेक भार एकट्या ब्रेकवर पडतो.

ब्रेक किती तापला यापेक्षा ती उष्णता पुढे कुठे पोहोचते, हे जास्त महत्त्वाचं. पेडल दाबलं की आपल्या पायाचा जोर ब्रेक ऑइलमधून चाकापर्यंत जातो. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून हा जोर जसाच्या तसा पोहोचतो. पण बहुतेक गाड्यांतलं ब्रेक ऑइल ग्लायकोल जातीचं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 4 प्रकारचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट 3 असेल तर 140 पर्यंत. तापलेल्या चाकाजवळ ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र आकसते. मग पेडल दाबलं तरी जोर बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो आणि पाय थेट तळाला जातो. त्यामुळे गाडी कमी चालली असली तरी साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं. इथे किलोमीटरपेक्षा काळ मोजायचा. इगतपुरीसारख्या पावसाच्या पट्ट्यातून येणं-जाणं असेल, तर ही तारीख मी कधीच पुढे ढकलू देणार नाही.

ब्रेकचं ओझं हलकं करायला इंजिन असतं. जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत की ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. नव्या ताकदवान गाड्या वरच्या गिअरमध्येही चढून जातात, म्हणून उतरताना गरज पडली तर आणखी एक गिअर खाली यावा. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये ठेवली की चाकं इंजिनाला फिरवतात. सिलिंडरमधली हवा खेचण्यात, दाबण्यात आणि घर्षणात वेग खर्ची पडतो. ती उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून जाते, ब्रेकच्या डिस्ककडे फिरकतही नाही. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड असतो, तो घाटाआधीच शोधून ठेवावा.

न्यूट्रल टाकला की पेट्रोल वाचतं, असं अनेकांना अजूनही वाटतं. कार्ब्युरेटरच्या काळात त्याला थोडा तरी आधार होता. आजच्या गाडीत इंधन इंजेक्टर सोडतो. नाशिकला मायको सर्कलचं नाव ज्या कारखान्यावरून पडलं, तिथे डिझेल इंजिनांचे इंजेक्टर वर्षानुवर्षं बनत आले आहेत. गाडी गिअरमध्ये उतारावर असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसेल, तर संगणक इंजेक्टर बंद ठेवतो, इंधनाचा थेंबही जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत होत नाहीच, वर ब्रेकवरचा भार वाढतो. इंजिन बंद करून उतरणं तर याहून घातक. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला मिळणारा निर्वात थांबतो, दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

इलेक्ट्रिक गाडीत मोटरच जनित्र होते आणि उताराची ऊर्जा बॅटरीत परत जाते. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती ऊर्जा ठेवायला जागा नसते आणि हा आधार फारच कमी मिळतो. म्हणून इगतपुरीला चार्जिंग करून लगेच घाट उतरणार असाल, तर बॅटरी काठोकाठ भरू नका.

परतीच्या वाटेवर, चढाला, काळजी वेगळी. मे महिन्यात एसी चालू, गाडी भरलेली आणि पुढे ट्रकची रांग असली की तापमानाचा काटा वर सरकू लागतो. पाणी आणि ग्लायकोल यांचं निम्मं-निम्मं मिश्रण रेडिएटरच्या झाकणाखाली दाबात असतं, म्हणून ते 120 अंशांच्या पुढेही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि क्षणात उकळलेलं कूलंट अंगावर उडतं. एसी बंद करा, हीटर लावा, सुरक्षित जागी थांबा. झाकणाला हात लावायची घाई नको.

टायरची हवा तर नाशिकमध्ये खास लक्ष देण्याजोगी. मे महिन्यात 40 अंशांच्या दुपारी 32 पीएसआय भरलेली हवा डिसेंबरच्या 10 अंशांच्या पहाटे, टायर जराही न गळता, 28 च्या आसपास दिसते. हवा थंड झाली की दाब घटतो, एवढंच. अशा टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात आणि तापतात. त्याच टायरवर समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगाने तासन् तास गेलं, तर टायर आतून सुटत जातो आणि शेवटी फुटतो. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्यावर टायरला विसावा देणारी वळणं आणि गावं नाहीत, विसावा आपणच द्यायचा असतो.

हवा तपासायची ती गाडी थंड असताना, निघण्यापूर्वी. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. गाडी माणसांनी भरलेली असेल तर स्टिकरवरचा जास्तीचा आकडा धरा. खोबणीतल्या उंचवट्यापर्यंत टायर झिजला, म्हणजे खोली 1.6 मिलिमीटरवर आली, की तो बदलायचाच. घोटी-इगतपुरीच्या पावसात साचलेलं पाणी बाजूला सारायला त्याच्याकडे मग खोबणीच उरलेली नसते. पंक्चरवाल्याकडे गेलात की स्टेपनीचीही हवा बघायला सांगा.