लिव्हर ट्रान्सप्लांटनंतरचं डॉप्लर: रुग्ण आणि नातेवाइकांसाठी

पुणे, मुंबई किंवा हैदराबादला लिव्हर बदलून लातूर, नांदेड, धाराशिवकडे परतलेले रुग्ण आमच्या सेंटरवर डॉप्लरसाठी, म्हणजे रक्तवाहिन्यांतला प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी, येतात. "आता काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?" असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे.

लिव्हरला बहुतांश रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, उरलेलं यकृत धमनीतून. पित्तनलिका मात्र धमनीच्याच रक्तावर जगतात, आणि बसवलेल्या लिव्हरमध्ये त्यांना दुसरा आधार नसतो. ही धमनी काही मिलिमीटरची, केसासारख्या बारीक धाग्याने जोडलेली. जोडाशी ती अरुंद झाली किंवा गुठळी अडकली, तरी सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही, असं होऊ शकतं. थंडी वाजून ताप, कावीळ, खाज सुरू होईपर्यंत पित्तनलिका खराब झालेल्या असू शकतात. म्हणून बरं वाटत असतानाही दिलेली तारीख चुकवू नका.

ठिबकच्या नळीत कचरा अडकला की पुढच्या झाडाला पाणी उशिरा आणि हळू पोचतं. अरुंद जागेपुढच्या रक्ताचा आलेख स्क्रीनवर तसाच दिसतो: चढ संथ, टोक बोथट. रेझिस्टिव्ह इंडेक्स (या आलेखावरून काढलेला आकडा) 0.5 च्या खाली आला, तर आम्ही तुमच्यासमोरच ट्रान्सप्लांट टीमला फोन करतो. सहसा पुढे सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) होते.

दोष पक्का झाला म्हणजे पोट पुन्हा उघडणार, असं समजून घाबरू नका. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेतात, फुग्याने अरुंद जागा रुंद करतात, गरज पडल्यास स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवतात. बहुतेकदा फक्त सुईची जागा बधिर करतात. धमनीची भिंत फुगून फुगवटा आला असेल तर आवरणाचा स्टेंट किंवा कॉइल (फुगवटा बंद करणारी बारीक तारेची गुंडाळी) वापरतात. गुठळी विरघळवण्याचं औषधही नळीतून देता येतं, पण ताज्या ऑपरेशननंतर रक्तस्रावाची भीती मोठी असते. तेव्हा कधी शस्त्रक्रिया, क्वचित दुसरं ट्रान्सप्लांटही लागतं. हा निर्णय ट्रान्सप्लांट टीमचाच. स्टेंटनंतर दिलेल्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. दुखतं म्हणून मेडिकलवरून पेनकिलरही आणू नका; टॅक्रोलिमस (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) चालू असताना किडनीला ते झेपत नाही.

येताना सहा तास उपाशी या. टॅक्रोलिमस मात्र ठरल्या वेळी, घोटभर पाण्यासोबत घ्या. त्याच दिवशी त्याची रक्तातली पातळी तपासायची असेल तर आधी रक्त द्या, मग गोळी. डॉक्टरांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि आधीचे सगळे डॉप्लर रिपोर्ट सोबत आणा. मागचा आकडा समोर असला की आजच्या आकड्यातली घसरण लगेच लक्षात येते.